बसतं, पण चालतं का? सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जुळवताना

साहित्य मंडळाच्या अंकात मदरबोर्डावर लेख कशाला, असं काही जणांना वाटेल. पण हा अंक ज्यावर टाईप होतो, ज्यावर त्याची पानं लागतात, ज्यावर आपल्या काव्यवाचनाचं रेकॉर्डिंग साफ केलं जातं, ते कॉम्प्युटर कुणीतरी पैसे मोजून घेतलेले असतात. आणि ‘ब्रँडेड घेऊ की पार्ट घेऊन असेंबल करू?’ हा प्रश्न मंडळाच्या बैठकीनंतर चहाच्या टपरीवर हमखास निघतो. माझं मत सरळ आहे : असेंबल करा. त्याच पैशात जास्त मिळतं, आणि पुढे एकेक भाग बदलता येतो. अट एकच, भाग एकमेकांशी जुळले पाहिजेत. हा लेख त्या अटीबद्दल आहे.

हैदराबादेत पार्ट घ्यायला आपल्यातले बहुतेक जण सिकंदराबादला, पार्कलेनवरच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये म्हणजे सीटीसीत जातात. तिथे काउंटरवर दिवसभर एक शब्द ऐकू येतो. “भाई, ये रॅम इस बोर्ड को लगता क्या?” “हौ, लगता.” यात कुणी कुणाला फसवत नसतं. पण शब्दांचा कीस काढायची आपल्याला सवय आहे, तर काढू या. या एका ‘लगता’मध्ये तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. भाग खाचेत बसतो का, हा आकाराचा प्रश्न. त्याला हवी तशी आणि हवी तेवढी वीज मिळते का, हा दुसरा. आणि बोर्डावरच्या प्रोग्रामला, म्हणजे बायोसला, तो भाग ओळखता येतो का, हा तिसरा. दुकानदाराचा होकार पुष्कळदा पहिल्या प्रश्नापुरता असतो. आपण तो तिन्हींना धरून चालतो.

इथे पैसे कसे अडकतात तेही समजून घ्या. समजा प्रोसेसर नवा, बोर्ड नवा, रॅम नवी, आणि पडदा काळाच. तुम्ही सर्व्हिस सेंटरला जाता. ते प्रत्येक भाग त्यांच्याकडे लावून बघतात. प्रत्येक भाग चालतो! बिघाड कुठेच नाही, म्हणून वॉरंटीत काही बसत नाही. आणि सील फोडलेलं असल्यामुळे दुकानदारही परत घ्यायला का-कू करतो. म्हणजे स्कॉलरशिपचे किंवा आईने भिशीतून काढून दिलेले पैसे चांगल्या वस्तूंच्याच रूपात टेबलावर पडून राहतात. बिघडलेला भाग बदलून तरी मिळतो. न जुळणाऱ्या भागाला वाली नसतो.

आमच्या मंडळातल्या एका ज्युनियरने मध्यंतरी एक यादी दाखवायला आणली होती. तिची परवानगी घेऊन ती इथे देतो, कारण शिकायला ती फार चांगली आहे. तिला काम काय? मराठी टायपिंग, पानांची मांडणी, जुने वार्षिक अंक स्कॅन करणं आणि नाटकाच्या तालमींचे छोटे व्हिडिओ कापणं-जोडणं. गेम अजिबात नाही. यादी अशी : इंटेल आय५-१२४००एफ प्रोसेसर, एच६१० चिपसेटचा बोर्ड, डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, ५०० जीबीचा एम.२ एसएसडी, ४५० वॉटचा एसएमपीएस, कॅबिनेट. मॉनिटर घरातला जुनाच. ग्राफिक्स कार्ड नाही. यादीतली प्रत्येक वस्तू भली आहे. तरीही ही यादी जशीच्या तशी आणली असती तर पडद्यावर एक अक्षर उमटलं नसतं.

चूक एका अक्षरात आहे : शेवटचा ‘एफ’. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावामागे एफ असेल, तर त्यात चित्र दाखवणारा भाग चालू नसतो. मग वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं. एफ नसलेला आय५-१२४०० घेतला की तिचं सगळं काम बोर्डाच्या एचडीएमआयवरूनच होतं. एफवाला थोडा स्वस्त मिळतो म्हणून यादीत शिरतो. एएमडीकडे हा खेळ उलट्या अक्षराचा आहे. रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. म्हणजे एकाकडे अक्षर असलं तर नाही, आणि दुसऱ्याकडे अक्षर असलं तर आहे. व्याकरणात अपवाद पाठ करतो तसं हे पाठच करावं लागतं. (एएमडीच्या पुढच्या, रायझन ७००० मालिकेत डेस्कटॉपच्या बहुतेक प्रोसेसरांत छोटं ग्राफिक्स आलं, आणि मग तिथेही ७५००एफसारखा ‘एफ’ आला.)

आता प्रोसेसर आणि बोर्ड यांची जोडी. सगळ्यांत आधी हीच ठरवायची, बाकीचं सगळं तिच्या मागून येतं. बोर्डावरच्या ज्या चौकोनी जागेत प्रोसेसर बसतो ती सॉकेट. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी एलजीए १७००; एएमडीच्या २०१७ पासूनच्या रायझनसाठी एएम४ आणि २०२२ पासून एएम५. सॉकेटचं नाव जुळलं की बहुतेक जण सुटकेचा श्वास टाकतात. तो जरा लवकर टाकला जातो.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण म्हणजे इंटेलचं एलजीए ११५१. २०१५ मध्ये सहाव्या पिढीबरोबर हे सॉकेट आलं, सातवी पिढीही त्यावरच चालली. २०१७ च्या अखेरीस आठवी पिढी आली तीही एलजीए ११५१ म्हणूनच. आकडा तोच, आकार तोच, प्रोसेसर जुन्या बोर्डात अलगद बसायचा. चालायचा मात्र नाही. कारण आतल्या काही टोकांची कामं बदलली होती, वीज नेण्यासाठी जास्त टोकं वापरली होती, आणि इंटेलने आठव्या पिढीसाठी ३०० मालिकेचे चिपसेटच मान्य केले होते. म्हणून आजही सेकंडहँड बाजारात ‘११५१ बोर्ड’ एवढंच लिहिलेलं दिसलं, तर चिपसेट विचारल्याशिवाय पुढे बोलू नका. एच११० असेल तर सहावी-सातवी, एच३१० असेल तर आठवी-नववी.

एएमडीची अडचण वेगळ्या प्रकारची. त्यांनी एएम४ सॉकेट वर्षानुवर्षं टिकवलं, ही गिऱ्हाइकाच्या फायद्याची गोष्ट. पण २०१८ मध्ये विकायला आलेल्या बी४५० बोर्डाला २०२० मधला रायझन ५००० कसा माहीत असणार? त्याची ओळख बायोसच्या नव्या आवृत्तीत येते. जुना बायोस असलेल्या बोर्डात नवा प्रोसेसर लावला तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळा. आणि बायोस बदलायचा तर मशिन सुरू व्हायला हवं. ते सुरू व्हायला बायोस बदलायला हवा! या पेचातून सुटायला काही बोर्डांवर मागच्या बाजूला एक खास बटण असतं. पेन ड्राइव्हवर फाईल घेऊन प्रोसेसर नसतानाही बायोस भरता येतो. असं बटण नसेल तर दुकानातच जुना प्रोसेसर लावून बायोस नवा करून घ्यावा लागतो. इंटेलच्या ६०० मालिकेच्या बोर्डावर १३वी-१४वी पिढी लावायची असेल तर हाच प्रश्न येतो. आपल्या ज्युनियरचा प्रोसेसर १२व्या पिढीचा आणि एच६१० त्याच पिढीबरोबरचा, म्हणून तिला इथे काळजी नव्हती.

हे सगळं तपासायची जागा एकच, बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची वेबसाइट. बोर्डाच्या पूर्ण नावाने शोधायचं आणि ‘सीपीयू सपोर्ट’ची यादी उघडायची. त्यात प्रत्येक प्रोसेसरपुढे कोणत्या बायोसपासून तो चालतो तो आकडा दिलेला असतो. मग काउंटरवरचा प्रश्न बदलायचा. “लगता क्या?” विचारायचं नाही. “इस बोर्ड में बायोस कौनसा है?” असं विचारायचं. बोर्डाच्या खोक्यावर किंवा बायोसच्या चिपवर पुष्कळदा आवृत्तीची चिठ्ठी चिकटवलेली असते. हा प्रश्न ऐकल्यावर समोरच्याचा सूरही थोडा बदलतो, हा माझा अनुभव.

बोर्डाचं ‘पूर्ण नाव’ का म्हणालो, ते रॅमपाशी कळतं. एलजीए १७०० वर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही चालतात. पण एकेका बोर्डावर दोन्हींपैकी एकच. एकाच कंपनीचे, जवळजवळ एकाच नावाचे दोन एच६१० बोर्ड असतात आणि फरक नावाच्या शेपटीत, ‘डी४’ असा, दडलेला असतो. ज्युनियरच्या यादीत नुसतं ‘एच६१०’ लिहिलं होतं. दुकानदाराने डीडीआर५ वाला दिला असता तर तिच्या दोन्ही पट्ट्या वाया. दोन्ही प्रकारांत टोकं २८८ च, लांबीही सारखीच, पण मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे बसतच नाही. निदान इथे आकार प्रामाणिक आहे. बसत नसेल तर जोर लावू नका. एएम४ ला फक्त डीडीआर४, एएम५ ला फक्त डीडीआर५. तिथे गोंधळच नाही.

पट्टी एक मोठी घेण्यापेक्षा दोन सारख्या घेतलेल्या बऱ्या, कारण दोन वाटांनी माहिती वाहते. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम चालणार असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनी घेतं. बोर्डावर चार खाचा असतील तर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी वापरायची. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतंच. आणि पट्टीवर छापलेला वेग आपोआप मिळतोच असं नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (एएमडीच्या डीडीआर५ ला एक्सपो) चालू करावं लागू शकतं. कित्येक जण महागडी रॅम वर्षभर कमी वेगाने चालवतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

यादीतला एम.२ एसएसडी ही आणखी एक फसवी वस्तू. एम.२ हे आकाराचं नाव आहे. २२ मिलिमीटर रुंद, बहुधा ८० मिलिमीटर लांब, म्हणून २२८०. त्या आकारात दोन निराळ्या भाषा बोलणाऱ्या वस्तू येतात, सॅटा आणि एनव्हीएमई. बोर्डाच्या खाचेला कधी दोन्ही कळतात, कधी एनव्हीएमईच. सॅटावाला एसएसडी फक्त एनव्हीएमई कळणाऱ्या खाचेत नीट बसतो, स्क्रूही लागतो, आणि विंडोज टाकायला गेलं की डिस्कच दिसत नाही. ओळखायची खूण : सोनेरी टोकांत सहसा सॅटावाल्याला दोन खाचा असतात, वेगवान एनव्हीएमईला एक. पण खुणेपेक्षा खोक्यावरचं वाचलेलं चांगलं. पीसीआयई ३ की ४ याची मात्र धास्ती नको. नवा एसएसडी जुन्या खाचेत, जुना नव्या खाचेत, दोन्ही चालतात. जो मंद त्याचा वेग मिळतो, एवढंच.

‘चालतं, पण अर्धंच’ असाही एक प्रकार असतो आणि तो ग्राफिक्स कार्डांत सापडतो. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड घ्या. दिसायला पूर्ण लांबीचं, पण माहिती वाहायला त्याला पीसीआयईच्या चारच वाटा. पीसीआयई ४ च्या बोर्डावर त्या कशाबशा पुरतात. पीसीआयई ३ वर प्रत्येक वाटेचा वेग निम्मा होतो आणि गेमांत कार्ड चांगलंच मागे पडतं. आता गंमत बघा, रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हे पीसीआयई ३ पर्यंतच जातात, ५६०० मात्र ४ पर्यंत जातो. म्हणजे बोर्ड नवा असूनही प्रोसेसरमुळे कार्डाचा गळा आवळला जातो. कमी पैशात मशिन बांधणारेच हे कार्ड आणि हे प्रोसेसर एकत्र घेतात, हे त्यातलं दुःख.

आता एसएमपीएस. आपल्याकडे यादी करताना हा शेवटी येतो आणि पैसे कमी पडले की कात्री पहिली यालाच लागते. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस ही फुकट घेण्याचीही वस्तू नाही, असं मी स्पष्ट सांगतो. बाकी कोणताही भाग कमी पडला तर मशिन मंद होतं. हा बिघडला तर जाताना बाकीच्यांनाही बरोबर नेऊ शकतो.

हिशेब फार अवघड नाही. आय५-१२४०० कागदोपत्री ६५ वॉटचा, पण जोर लावला की ११७ वॉटपर्यंत जातो. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून आणखी काही. ज्युनियरच्या मशिनला ४५० वॉट भरपूर झाले. तिथे आरटीएक्स ३०६० सारखं १७० वॉटचं कार्ड आलं असतं, तर कंपनीच ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. बेरजेपेक्षा इतका जास्त का? एकतर कार्ड क्षणभर ठरल्यापेक्षा जास्त खेचतं. दुसरं, खोक्यावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा आत चिकटवलेल्या तक्त्यातला १२ व्होल्टच्या रांगेचा आकडा खरा, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिथूनच खातात. ‘८० प्लस’ची पदकं, ब्राँझ, गोल्ड वगैरे, वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतात. आतली संरक्षणं कशी आहेत याबद्दल ती गप्प असतात.

वायरींबद्दल दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा. प्रोसेसरची आठ टोकांची वायर आणि ग्राफिक्स कार्डाची आठ टोकांची वायर बहिणी-बहिणींसारख्या दिसतात, पण एकीत जिथे १२ व्होल्ट तिथे दुसरीत अर्थिंग. प्लास्टिकचे कोपरे मुद्दाम वेगळे केलेले असतात, म्हणून जोर लावल्याशिवाय चुकीची बसत नाही. दुसरी गोष्ट जास्त घातक. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणाऱ्या एसएमपीएसमध्ये, एसएमपीएसकडच्या टोकांची रचना ठरलेली नसते. प्रत्येक कंपनीची आपापली, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी. मित्राकडची जास्तीची वायर तंतोतंत बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्क जळते, आतल्या सगळ्या फाईलींसकट. नव्या एसएमपीएसबरोबर त्याच्याच वायरी वापरायच्या. यात तडजोड नाही.

आपल्या घरांत यूपीएस असतोच, त्याचाही मेळ बसवा. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस बहुधा ३६० वॉटचाच भार उचलतो. आणि चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी असतं. साध्या यूपीएसकडून बॅटरीवर येणारी पायरी-पायरीची वीज त्यांतल्या काहींना रुचत नाही आणि लाईट जाताच मशिनही बंद पडतं. दोन्ही वस्तू निर्दोष, मेळ चुकलेला. यूपीएस आधीपासून घरात असेल तर दुकानात त्याचं मॉडेल सांगून विचारा.

कॅबिनेटचं लवकर आटोपतं. मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ बाय २४४ मिलिमीटरपर्यंतचा, पूर्ण एटीएक्स ३०५ बाय २४४ चा. मोठ्या कॅबिनेटात छोटा बोर्ड बसतो, उलटं नाही. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि उभ्या कूलरची उंची कॅबिनेटच्या माहितीपत्रकातल्या आकड्यांशी ताडून बघायची. जुना कूलर वापरणार असाल तर एवढं पाहा, की एलजीए १७०० ची भोकं ७८ मिलिमीटरवर आहेत, आधीच्या एलजीए १२०० आणि ११५एक्स ची ७५ वर. नवी पट्टी मागवावी लागते. जुना मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल (ज्युनियरचा तसाच निघाला) तर व्हीजीए असलेला बोर्ड निवडा. एच६१० मध्ये असे पुष्कळ मिळतात.

आणखी एक मोह आहे, त्याबद्दल लिहिलंच पाहिजे. कंपन्यांनी काढून टाकलेले ब्रँडेड ऑफिस पीसी स्वस्तात मिळतात आणि ‘यात नंतर कार्ड टाकू’ असा विचार करून मुलं ते घेतात. त्यांतल्या पुष्कळांचे एसएमपीएस आणि बोर्डावरच्या वायरींची टोकं त्या कंपनीची खास असतात. बाजारातला एसएमपीएस लागत नाही, बोर्ड दुसऱ्या कॅबिनेटात जात नाही. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० लागतं. सहाव्या पिढीचा पीसी नुसता टायपिंगला, लिनक्स टाकून घ्या, उत्तम चालेल, मराठी इनस्क्रिप्टही त्यात आयतं मिळतं. त्यावर पुढची इमारत बांधायचे बेत मात्र करू नका.

ज्युनियरची यादी शेवटी अशी झाली : आय५-१२४००, एफशिवाय, एच६१० चा डीडीआर४ आणि व्हीजीए असलेला बोर्ड, पूर्ण मॉडेल नंबरासकट, त्याच दोन पट्ट्या, एनव्हीएमई एसएसडी, तोच ४५० वॉटचा एसएमपीएस, नावाजलेल्या बनावटीचा, मायक्रो एटीएक्स कॅबिनेट. आधीपेक्षा खर्च किंचित वाढला. ग्राफिक्स कार्डाचा पूर्ण खर्च वाचला.

सामान घरी आल्यावर लगेच कॅबिनेटात कोंबू नका. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, प्रोसेसर, कूलर, एक रॅमपट्टी आणि एसएमपीएस एवढंच जोडून पडदा उजळतो का ते बघा. एलजीएच्या बोर्डात पिना सॉकेटमध्ये असतात आणि केसासारख्या नाजूक असतात. वाकल्या तर सहसा वॉरंटीत बसत नाही, म्हणून प्रोसेसर सरळ वरून ठेवायचा, सरकवायचा नाही. डीडीआर५ चं मशिन पहिल्यांदा सुरू होताना रॅमची ओळख करून घ्यायला काही मिनिटं घेऊ शकतं. तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. घाबरून बटण दाबू नका, चहा टाका. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची वायर कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. आणि बिलावर प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. नुसतं ‘एच६१० बोर्ड – १ नग’ लिहिलेलं बिल पुढे वाद झाला तर काहीच सिद्ध करत नाही.